खिशातली चित्रवही आणि परीक्षेची रीत



आजचा विषय तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने घ्यावा असा वरवर तरी दिसत नाही. सदऱ्याच्या खिशात मावेल अशी एक छोटी चित्रवही घेतली. तिच्या कागदावर पेन्सिल, शाई, जलरंग, तेलखडू यांतले काय चालेल आणि काय चालणार नाही, हे तपासायचे कसे? प्रश्न एवढाच. पण करमाडमधल्या काही शाळकरी मुलांबरोबर हा उद्योग करताना आमच्या लक्षात आले, की वर्गात ‘परीक्षा’ या शब्दाबद्दल आम्ही जे सांगत होतो ते इथे हाताने करून बघता येते. शिवाय यात मुलांचे काही पणाला लागलेले असते. त्याच्याकडे आपण येऊच.

प्रश्न नीट विचारूया

दुकानात गेल्यावर आपण विचारतो, ‘ही वही चांगली आहे का?’ दुकानदार म्हणतो, ‘एकदम चांगली.’ दोघांचेही काही चुकले नाही, पण हाती काही लागलेही नाही. चांगली कशासाठी, हे कुणी बोललेच नाही.

न्यायसूत्रांवर वात्स्यायनाचे भाष्य आहे. त्यात तो शास्त्राच्या कामाच्या तीन पायऱ्या सांगतो: उद्देश, लक्षण आणि परीक्षा. उद्देश म्हणजे ज्याबद्दल बोलायचे त्याचे नाव घेणे. लक्षण म्हणजे ते इतरांपासून वेगळे कशाने ओळखायचे हे सांगणे. आणि परीक्षा म्हणजे सांगितलेले लक्षण खरोखर लागू पडते की नाही हे प्रमाणांनी पडताळणे. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरून थेट निकालावर उडी मारतो. वहीचे नाव घेतले, चांगली म्हटले, झाले. मधली पायरी, म्हणजे कागदाची लक्षणे कोणती, ती आधी बघू.

कागदाच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट वजन. वहीवर जीएसएम म्हणून आकडा छापलेला असतो. एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो, तो हा आकडा. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो, जलरंगाचा जाड कागद ३०० चा, आणि खिशातल्या चित्रवह्या सहसा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. आकडा छापलेला नसेल तर काढता येतो. खिशातली वही बहुधा ए-सिक्स मापाची असते, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. ए-झीरो हा कागद एक चौरस मीटरचा. तो सहा वेळा दुमडून निम्मा केला की ए-सिक्स होतो, म्हणजे एका चौरस मीटरात अशी ६४ पाने. आता गंमत बघा. ए-सिक्सच्या ६४ सुट्या पानांचे वजन जितके ग्रॅम, तितका त्या कागदाचा जीएसएम. ६४ पाने फाडायची गरज नाही. चार पाने सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि वजनाला सोळाने गुणा. मुलांना हे गणित फार आवडले.

दुसरी गोष्ट खळ. कापडाला खळ असते हे आपल्याला माहीत आहे. कागदालाही असते. खळ नसलेला कागद म्हणजे टीपकागद, शाई पडली की पिऊन टाकतो. खळ असली की पाणी आणि शाई काही काळ वर थांबतात आणि तेवढ्या वेळात आपल्याला काम करता येते. कारखान्यात ही खळ लगद्यातच मिसळतात, वरून देतात, किंवा दोन्ही करतात. कागद किती जाड आहे याचा खळीशी थेट संबंध नाही. जाड कागदही भरपूर शाई पिणारा असू शकतो. वहीची जाडी चिमटीत धरून ‘मस्त आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

तिसरी गोष्ट खरखर. पेन्सिल, कोळसा, खडू यांना धरायला पृष्ठभागावर बारीक उंचसखलपणा लागतो. निबाला नेमके उलटे, गुळगुळीत हवे.

चौथी गोष्ट धाग्यांची दिशा. यंत्रावर कागद एका दिशेने पळत तयार होतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू त्याच दिशेने पडतात. तंतू भिजला की लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतो. म्हणून कागदाचा लहान चौकोन कापून एका बाजूने ओला केला की त्याची सुरळी होऊ लागते. त्या सुरळीची लांबी ज्या दिशेला, ती धाग्यांची दिशा. वहीत ती शिवणीला समांतर असावी. ती आडवी असेल तर पान उलटताना ताठ राहते आणि रंग लावल्यावर शिवणीपाशी लाटा येतात.

कागजीपुऱ्याचा कागद

या चार गोष्टी कुणा परदेशी कंपनीने शोधलेल्या नाहीत. आपण करमाडला, शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर बसलो आहोत. शहर ओलांडून पश्चिमेला दौलताबादवरून खुलताबादकडे निघालात की वाटेत कागजीपुरा लागतो. गावाच्या नावातच धंदा आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तिच्याबरोबर कागद करणारे कारागीर इकडे आले असे मानले जाते. पुढे दौलताबादी कागदाचे नाव मराठ्यांच्या दफ्तरांपर्यंत पोचले.

तो कागद कसा होत असे बघा. चिंध्या, जुने ताग-दोर कुटून लगदा करायचा. हौदातल्या पाण्यात तो कालवायचा. काड्यांच्या बारीक चटईवर तो उचलून घ्यायचा, पाणी निथळू द्यायचे, दाबायचा आणि भिंतीला चिकटवून वाळवायचा. इथवर झाला तो कागद, पण लिहिण्याजोगा नव्हे. मग त्याला पिठाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. खळ आणि घोटाई या दोन्ही गोष्टी बोरू आणि काजळाची शाई यांच्यासाठी होत्या. घोटल्यामुळे बोरू अडखळत नाही. खळीमुळे शाई वर बसते, फुटत नाही. चटई हाताने हलवून कागद उचलल्यामुळे त्यातले तंतू सगळ्या दिशांना पडतात, म्हणून हातकागदात धाग्यांची दिशा जवळजवळ नसते.

आता या उत्तम घोटीव कागदावर भरपूर पाण्याने जलरंग लावा. पिठाची खळ विरघळू लागेल आणि घोटाई उठून येईल. सिक्स-बी पेन्सिल फिरवा, ती घसरेल. म्हणजे हा कागद वाईट का? तो बोरूसाठी केलेला आहे. लघुचित्रे काढणारे घोटीव कागदच वापरत, पण त्यांचा रंग दाट असे आणि थर पातळ. अजिंठ्याला कागद नव्हता, तरी तिथेही आधी खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. जुन्या शिल्पग्रंथांत याला भूमिबंधन म्हणतात. रंगाआधी भूमी तयार करायची, आणि जो रंग लावायचा त्याच्या बेताने करायची.

पुढे यंत्राच्या कागदाने हा धंदा मागे पडला. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली, आणि हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेले. पण एक सावधगिरी सांगतो. आज ‘हातकागद’ म्हणून जे विकले जाते त्या सगळ्याला खळ दिलेली असतेच असे नाही. फुलांच्या पाकळ्या घातलेला देखणा कागद पत्रिकेसाठी किंवा पिशवीसाठी केलेला असू शकतो. त्यावर फाउंटन पेन टेकवलात तर तो टीपकागदासारखा वागेल.

परीक्षा कशी केली

आम्ही तीन वह्या घेतल्या. एक साधी, रेघा नसलेली खिशातली डायरी, पातळ कागदाची. दुसरी चित्रवही म्हणून विकली जाणारी, मध्यम जाडीची. तिसरी हातकागदाची. प्रत्येक वहीचे एक पान घेतले आणि त्यावर दोन उभे, चार आडवे असे आठ चौकोन आखले. चौकोन साधारण पाच बाय साडेतीन सेंटिमीटरचा होतो, तेवढा पुरतो.

चौकोनांचा क्रम कोरड्याकडून ओल्याकडे ठेवला. पहिल्यात पेन्सिल, एचबी आणि सिक्स-बी, आणि अर्ध्या भागावर खोडरबर. दुसऱ्यात बॉलपेन आणि जेलपेन. तिसऱ्यात फाउंटन पेन. चौथ्यात वॉटरप्रूफ शाई, आणि ती वाळल्यावर वरून ओला ब्रश. पाचव्यात स्केचपेन, एकाच जागी तीनदा. सहाव्यात जलरंग, एक सपाट हात आणि त्याच्या निम्म्या भागावर वाळल्यावर दुसरा. सातव्यात पोस्टर कलर. आठव्यात तेलखडू. स्पिरिटचा मार्कर मात्र शेवटी, वेगळ्या पानावर, कारण तो मागची दोन-दोन पाने खराब करतो.

नियम एकच होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ब्रश तोच, रंग तोच, पाणी तितकेच, हात त्याच मुलाचा, वेळ सकाळची. बदलायचा तो फक्त कागद. हा नियम फार महत्त्वाचा आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येत नाही, मग नुसती चर्चा रंगते.

बघायचे चार ठिकाणी. पान समोरून बघायचे, मागून बघायचे, पुढच्या पानावर काय उतरले ते बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. चौथे बघणे बहुतेक जण विसरतात. तेलखडूचा खरा प्रताप दुसऱ्या दिवशीच दिसतो.

काय दिसले

पेन्सिल तिन्ही कागदांवर चालली, पण सारखी नाही. गुळगुळीत डायरीवर सिक्स-बी गडद होईना, कारण तिला धरायला खरखर नव्हती. चित्रवहीवर छान बसली. हातकागदावर काळा रंग खोल आला, पण खोडरबर फिरवल्यावर लव उठली. खोडणे हीसुद्धा परीक्षा आहे. शिकणारा मुलगा जितके काढतो तितकेच खोडतो.

बॉलपेनने कुठेच तक्रार केली नाही. त्याची शाई तेलकट आणि दाट, ती पसरत नाही. साध्या डायरीवर तर बॉलपेन सगळ्यात उत्तम चालले. रेल्वे स्टेशनवर किंवा आठवडी बाजारात उभ्याउभ्या रेखाटन करायचे असेल तर स्वस्त डायरी आणि बॉलपेन यांची जोडी कमी लेखू नका.

फाउंटन पेनाने खळीची परीक्षा घेतली. डायरीवर रेघ स्वच्छ, पण मागे दिसत होती. इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. कागद पातळ म्हणून रेघ मागून नुसती दिसणे एक, आणि शाई आरपार जाणे दुसरे. पहिल्याला वजन कारण आहे, दुसऱ्याला खळ. चित्रवहीवर रेघ नीट आली. हातकागदावर शाई फुटली, रेघेला केसाळ कडा आल्या. वहीचा कागद जाड होता, पण खळ नव्हती.

वॉटरप्रूफ शाईवर ओला ब्रश फिरवायला घाई केली की ती कुठल्याही कागदावर पसरते. ती वाळायला द्यावी लागते, आणि खळ जास्त असलेल्या कागदावर वाळायला जास्त वेळ लागतो. स्केचपेन पाण्याचे असते. एकाच जागी तीनदा घासले की डायरीच्या कागदाच्या बारीक सुरळ्या निघाल्या.

जलरंगात सगळ्यात जास्त फरक दिसला. डायरीचे पान लगेच लाटांसारखे झाले, पाणी खळग्यांत साचले आणि तिथे गडद कडा उमटल्या. चित्रवहीवर पहिला हात बरा बसला, दुसऱ्या हाताला पान थोडे वाकले. हातकागदावर रंग टेकताक्षणी आत शिरला. ब्रश पुढे न्यायला वेळच मिळाला नाही, डाग जिथल्या तिथे बसले. पण तोच कागद पोस्टर कलरला उत्तम ठरला, कारण तो रंग दाट असतो आणि त्याला धरणारा पृष्ठभाग हवाच असतो. पोस्टर कलर जाड लावला की पान वाकवल्यावर तडे जातात, हे मात्र तिन्ही वह्यांत दिसले. खिशात वही वाकतेच, तेव्हा थर पातळ ठेवावा.

तेलखडू पहिल्या दिवशी सगळीकडे सुरेख. दुसऱ्या दिवशी पातळ पानाच्या मागे तेलाची पारदर्शक कडा, आणि समोरच्या पानावर आख्ख्या चित्राची पुसट छाप. मध्ये बटर पेपर ठेवला तर छाप टळते, तेल मुरणे टळत नाही.

आणि स्पिरिटचा मार्कर तिन्ही कागदांतून आरपार गेला. नेहमीची खळ पाण्याला अडवते, स्पिरिटला अडवत नाही. त्यामुळे चांगल्या खळीचा कागदही इथे हरतो. यात कागदाला दोष देण्यासारखे काही नाही.

दोष कुणाचा

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथे येऊ. आपल्याकडे मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. जवळच्या दुकानात मिळेल त्या वहीत सराव करतात. रंगाचे डाग पडतात, कडा उमटतात, कागद सोलतो. मग घरात वाक्य ऐकू येते, ‘हिला रंग जमत नाहीत.’ थोड्या दिवसांनी ती स्वतःही तेच म्हणू लागते.

आमच्या गटात सातवीतली एक मुलगी हे ठामपणे म्हणत असे. तिचे रेखाटन उत्तम, पण रंगाला हात लावायची नाही. तिला आम्ही धीर दिला नाही, परीक्षा दिली. पातळ डायरीवर तिने आकाशाचा सपाट हात दिला, डाग पडले. ब्रश बदलला, कागद तोच ठेवला. डाग पडलेच. रंगाची पेटी बदलली, कागद तोच. तरीही डाग. मग तिचाच जुना ब्रश, जुनी पेटी, आणि कागद मात्र जलरंगाचा जाड. आकाश सपाट आले. तिने ते तीनदा करून बघितले.

तर्कशास्त्रात याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तिथे कार्य असते, हा अन्वय. कारण नसेल तिथे कार्य नसते, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू दिसल्याशिवाय कारण सापडले असे म्हणू नये. तो पातळ कागद असताना डाग, तो नसताना डाग नाहीत, आणि बाकी सगळे सारखे. तिच्या ‘माझा हातच वाईट’ या अनुमानाला आता आधार उरला नाही.

पण हीच परीक्षा दुसऱ्या एका मुलाने दिली तेव्हा उलटे झाले. त्याचे रंग पातळ कागदावर मळकट दिसत होते, जाड कागदावरही मळकटच आले. मग कारण कागदात शोधण्यात अर्थ नव्हता. बघितले तर पाण्याचा डबा तो बदलतच नव्हता. हे सांगणे जरूर आहे, नाहीतर उद्या घरोघरी ‘सगळा दोष कागदाचा, महागडी वही आणा’ असे सुरू होईल. ‘महाग आहे म्हणून चांगला’ हा न्यायशास्त्राच्या भाषेत सव्यभिचार हेतू आहे. महागपणा चांगल्या कागदातही सापडतो आणि निरुपयोगी कागदातही. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

काळाची परीक्षा

एक परीक्षा सावकाश करायची असते. रंगवलेल्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. मराठवाड्याचे ऊन यासाठी उत्तम. कागद पिवळा पडला की नाही, रंग उडाला की नाही, झाकलेल्या भागाशी ताडून कळते. स्केचपेनचे रंग लवकर उडतात, काजळाची शाई जवळपास जशीच्या तशी राहते. वर्तमानपत्राचा कागद लवकर तांबूस होतो, कारण त्यातल्या लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य शिल्लक असते. चिंध्यांच्या कागदावर काजळाच्या शाईने लिहिलेली मोडी दफ्तरे आजही वाचता येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. सरावाचे चित्र दोन वर्षे टिकले तरी चालेल. आजीचे चित्र काढायचे असेल तर मात्र कागद आणि शाई दोन्ही निवडून घ्या.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, मोबाईलवर प्रत्येक वहीचे रिव्ह्यू मिळतात. मग स्वतः कशाला करायचे?*

रिव्ह्यू म्हणजे शब्दप्रमाण. आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि खरे बोलणाऱ्या माणसाचा शब्द आपण मानतोच. पण त्याने परीक्षा कुठल्या हवेत केली? मे महिन्यात करमाडला रंगाचा हात ब्रश उचलेपर्यंत वाळतो, श्रावणात तोच हात वाळता वाळत नाही. त्याचा पेन वेगळा, हात वेगळा. रिव्ह्यू वाचून वही निवडा, आणि मग एक पान स्वतः करा.

*प्रश्न: परीक्षेच्या दिवशी कागद आपल्या निवडीचा नसतो, तेव्हा काय?*

कागद निवडता येत नाही, पण ओळखता येतो. समासात एक बारीक ओला ठिपका द्या आणि कागद तिरपा धरून त्याची चमक बघा. चमक लगेच गेली तर कागद पाणी पितो आहे. मग ब्रश कोरडा ठेवा, रंग थोडा दाट घ्या, एका जागी दोनदा घासू नका. चमक टिकली तर सावकाश काम करा.

*प्रश्न: छोट्या वहीत आधीच पाने कमी. त्यातली अशी घालवायची?*

शेवटचे एक पान पुरते, मार्कर वापरणार असाल तर दोन. ते फाडू नका. प्रत्येक चौकोनाखाली साहित्याचे नाव, तारीख आणि हवा कोरडी की दमट, एवढे लिहून ठेवा. पुढची वही घेतली की तिच्या शेवटच्या पानावर तेच आठ चौकोन त्याच क्रमाने करा. चार वह्या झाल्या की चार पाने शेजारी ठेवून बघता येतील, आणि कुठल्या दुकानदाराला काय विचारायचे हे तुम्हाला आपोआप कळेल. आज इथेच थांबू. मागच्या टेबलावर तिन्ही वह्या ठेवल्या आहेत, जाताना पाने मागून-पुढून बघून जा.